पिंकी सर तोंड धुतात

सिंधुमावशी मला म्हणाली, "अगं लुंबे, हुबेहूब आपला आनंदराज!" आणि टाळीसाठी हात पुढं केला. तो हात तसाच हवेत राहिला. नांदेडच्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर आम्ही उभे होतो: मी, मम्मी, आजी, मम्मीची चुलतबहीण सिंधुमावशी, आणि दोन पायऱ्या खाली पाण्याची बाटली घेऊन आनंदराजमामा स्वतः. काजळाची मिशी मी अजून पुसली नव्हती, मला ती पुसायचीच नव्हती, ती घेऊन मला अख्ख्या नांदेडातून फिरायचं होतं. कारण थोड्याच वेळापूर्वी शाळांच्या नाट्यस्पर्धेच्या परीक्षकांनी मला विंगेत गाठून म्हटलं होतं, "बाळ, हा माणूस मी कुठंतरी बघितलाय असं वाटलं," आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीला लागत नव्हते. मावशीनं तेच तर म्हटलं. परीक्षकांनी म्हटलं तर अंगावर मूठभर मांस चढलं, आणि मावशीनं म्हटलं तर अंधारात एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. मम्मी सगळ्यात आधी सावरली. "शर्ट त्याचाच हाय ना, म्हणून वाटायलंय तुला," ती म्हणाली, जरा मोठ्यानंच. आजी पायऱ्यांकडं बघायला लागली, जसं काही आत्ता उतरायचंय. मावशी आधी माझ्याकडं, मग मामाकडं, मग परत माझ्याकडं बघत होती, आणि तिचं हसू एकदम गेलं नाही, कडेकडेनं वाळत गेलं. मामा हसला. "भाची कोणाची मग?" म्हणाला, बाटली माझ्या हातात दिली, "थांबा, गाडी काढतो," आणि पार्किंगकडं चालायला लागला. मामा त्या दिवशी भोकरहून, बँक सुटल्यावर, सरळ एस.टी.नं आला होता. त्याच्याकडं गाडी नव्हती. हे आम्हाला चौघींनाही माहीत होतं, आणि चौघीही तो गाडी काढून आणील म्हणून वाट बघत उभ्या राहिलो.

लातूरला परत जाताना क्रूझरमध्ये पोरींनी नुसता धुडगूस घातला होता. आमची शाळा मुलींची, त्यामुळं नाटकातले बाप्येही आम्हीच, आणि अंतिम फेरीसाठी निवड झाल्यामुळं हेडमास्तर झालेली सृष्टी मिशी लावूनच गाणी म्हणत होती. "ए लुंबिनी, काय तोंड पाडून बसलीस? बक्षीस तुला आन सुतक पण तुलाच?" मी हसले. खिडकीबाहेर लोहा गेलं, सोयाबीन काढलेली काळी रानं गेली, आणि मी एकच वाक्य उलटं सुलटं करत बसले होते. हुबेहूब म्हणजे काय? मी मामासारखी दिसत नाही. मी उंच आहे, तो बुटका. आठवीपर्यंत या उंचीपायी मी कुबड काढून चालायचे, पोरी मला डांब म्हणायच्या, विजेचा. मग नववीत अंबिका मॅडमनी मला नाटकात राजा केलं आणि म्हणाल्या, "राजा वाकत नसतो गं," आणि मी सरळ झाले ते झालेच. तेव्हापासून मला सगळं येतं असं मला वाटतं. आवाज येतो, भांडण येतं, वर्गात उभं राहून 'सर हे चूक आहे' म्हणता येतं. मम्मी म्हणते दहावीचं वर्ष आहे, आणि मी म्हणते, मम्मी, माझंच वर्ष आहे.

तर यंदा मॅडमनी कपाटातून ते जुनं नाटक काढलं, जे त्या दर दोनतीन वर्षांनी काढतात. शाळेचं गॅदरिंग, हेडमास्तर, शिपाई, आणि नाच बसवायला आलेले पिंकी सर, म्हणजे यंदा मी. पिंकी सर आले की हार्मोनियम वाजते, ते 'अय्या' म्हणतात, मनगट मोडतात, कमरेला झटका देतात, शिपाई त्यांच्या मागं मागं तसाच चालतो आणि अख्खं प्रेक्षागृह हसून लोळतं. शेवटी हेडमास्तर त्यांना हाकलतात, ते ओढणी उडवत जातात, पुन्हा हशा. मी पहिल्या वाचनालाच विचारलं, "मॅडम, पिंकी सर घरी गेल्यावर काय करतात?" मॅडम म्हणाल्या, "घरी कशाला जातील गं? विंगेत जातात." सगळ्या हसल्या. मीपण हसले. पण मला झोपताना ते परत आठवलं: एक माणूस आयुष्यभर नुसता विंगेत जातो. तिथं दोऱ्या, फळकुटं, पावडरचा वास, आणि अंधारात तो उभा, पुढच्या एन्ट्रीची वाट बघत. फोनवर तर असे दिवसभर येतात, पोरं ओढण्या घेऊन रील करतात आणि खाली लोक रडेपर्यंत हसलेले चेहरे टाकतात. त्यातलं कोणी कधी जेवताना दिसत नाही. मी मॅडमना सोडलंच नाही, रोज मागं लागले, शेवटी त्या म्हणाल्या, "बरं बाई, पाच मिनिटं देते तुला. कर काय करायचं ते."

पाच मिनिटांत मी काय केलं? काहीच नाही, म्हणजे मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. मनगट काढलं, अय्या काढलं. तालीम सुटलीये, पोरी डबे आवरायल्यात, पिंकी सर खाली सांडलेल्या टिकल्या गोळा करतायत. फोन येतो. ते पोरींकडं पाठ करून कोपऱ्यात जातात. "हो. हो रे. वरातीत नाचेन की. नाचणं तर कामच आहे माझं." मग नुसतं ऐकतात. फोन ठेवतात, मोरीत जाऊन तोंड धुतात, गळ्यात टॉवेल टाकून ओल्या तोंडानं परत येतात आणि पोरींना विचारतात, "चहा कोणाकोणाला?" बस. एवढंच. नांदेडला त्या वेळी एवढं गप झालं की मला वरच्या पंख्याची कुरकुर ऐकू आली. मला वाटलं हे मी रचलंय. माझ्या डोक्यातून आलंय. मी काय भारी आहे!

आणि अहमदपूरच्या स्टँडसमोर क्रूझर चहासाठी थांबली, सृष्टीनं खिडकीतून ओरडून विचारलं, "चहा कोणाकोणाला?" आणि मला एकदम दिसलं. मामाच्या फ्लॅटमधली ती उन्हाळ्याची दुपार, कूलरमधल्या वाळ्याचा वास, आजी पंख्याखाली आडवी, मी जमिनीवर पालथी पडून वाचतेय, आणि मामाचा फोन वाजतो. तो गॅलरीत जातो, दार ओढून घेतो. मग दार, मग मोरीतला नळ, बराच वेळ नळ, आणि मग ओलं तोंड, गळ्यात टॉवेल, "चहा कोणाकोणाला?" किती उन्हाळे. सिंधुमावशीनं बघितलंय ते, मम्मीनं बघितलंय, आजीनं तर रोज. घरात ते नुसतं तोंड धुणं होतं. नांदेडची गरमी, माणूस तोंड धुतो. आमच्यापैकी कुणी त्यात काही वाचलं नव्हतं, मी पण नाही, मी फक्त उचललं, जसा त्याचा आकाशी शर्ट उचलला, "मामा, हा नाटकाला नेऊ?" "ने की, मला तो आता पोटावर होत न्हाई." आणि मग ते मी पिंकी सरांच्या अंगावर घातलं, त्यांच्यावर उजेड टाकला, आणि तीनशे माणसांना सांगितलं की हा माणूस कोण आहे. मग उरलेलं मावशीनं स्वतः जुळवलं.

फोन दयानंदकाकाचा असायचा. दयानंदकाका मामाच्या बँकेतला, दर रविवारी यायचा, आजीच्या गोळ्या आणायचा, मला खांद्यावर घेऊन ट्यूबलाइट पुसायला लावायचा. आजी त्याला म्हणायची, "तू माझा दुसरा पोरगा हायस." मग त्याचं उदगीरला लग्न झालं. त्या वरातीत मामा नाचला. मी सहावीत होते, मीपण नाचले, मला वाटलं मामाला किती आनंद झालाय, शर्ट पाठीला चिकटलेला, बँडवाल्यांनी दमून थांबावं तर हा "वाजवा रे" म्हणून परत सुरू. लोक म्हणाले, दोस्त असावा तर असा. त्यानंतर रविवार बंद झाले. फोन राहिले, ते पण कमी कमी. मला हे माहीत होतं का? सगळं माहीत होतं, सुटं सुटं, जसे फडताळात वेगवेगळ्या डब्यांत पडलेले असतात जिन्नस. मी फक्त एकदा ते एका पातेल्यात टाकले. शब्द तर मला माहीत होताच, फोन असणाऱ्या कुठल्या पोरीला माहीत नसतो? पण तो शब्द शहरांतल्या लोकांचा होता, इंग्रजी बोलणाऱ्यांचा. पोट सुटलेल्या, भोकरला अप-डाऊन करणाऱ्या, विहारात वंदनेला पुढच्या रांगेत बसणाऱ्या माझ्या मामावर तो बसायचाच नाही. आणि घरात दुसरा शब्द होता, 'तसला', तो तर बसणंच शक्य नव्हतं, कारण तसला म्हणजे पिंकी सर. मामानं आयुष्यात कधी मनगट मोडलं नाही.

मूर्खासारखं मी एक स्वप्न पण बघून ठेवलं होतं, ते आता आठवलं तरी चेहरा गरम होतो. मला वाटायचं, हॉलमध्ये कुठंतरी असा एक जण बसलेला असेल. ज्याला कुणीच नाही असा. अंधारात बसून तो माझे पिंकी सर बघेल आणि त्याला वाटेल, चला, कुणाला तरी कळलं. त्या माणसाला मी चेहरा दिला नव्हता. आणि तो खरंच बसला होता, भोकरहून उभ्यानं येऊन, मागच्या रांगेत. त्याला काय वाटलं असेल? आपण बाथरूममध्ये नळ सोडून उभे आहोत आणि भिंतच नाहीये, असं?

त्यानंतर आमच्या घरात कोणी काही बोललं नाही. हे न बोलणं फार कामाचं असतं, ते भराभरा कामं उरकतं. मम्मी फोन घेऊन किचनमध्ये जायची आणि कुकरच्या शिट्टीआड आजीशी बोलायची. मला तुकडे ऐकू यायचे. "उमरीचं काय झालं मग... वय काय बघायलीस आई, पोरगी डी.एड. हाय... सिंधूच्या तोंडाला कुलूप हाय का काही..." उमरीचं स्थळ गेल्या वर्षीपासून येत होतं. मामा प्रत्येक वेळी हसून टाळायचा, बदली होऊ दे, घराचं काम होऊ दे, आजीचा गुडघा होऊ दे. चिडायचा नाही, नुसता पुढं ढकलायचा, एवढ्या सफाईनं की ढकलल्याचं कुणाला कळायचं नाही. एका संध्याकाळी मम्मी बाहेर आली, माझ्या ताटात भाकरी टाकली आणि म्हणाली, "मामा हो म्हणाला उमरीला." मी म्हटलं, "का?" मम्मी म्हणाली, "का म्हणजे? लग्न करत असतेत माणसं." मग तिनं माझ्याकडं बघितलं, आणि ती रागावलेली असती तर बरं झालं असतं. ती घाबरलेली होती. "फायनलला उमरीचे पाहुणे पण येणारायत, लातूरलाच हाय म्हणल्यावर. तू मामाची लाडकी हायस ना? मग नीट कर."

नीट म्हणजे काय ते मामानंच सांगितलं. बँकेच्या कामानं तो लातूरला आला होता, मला क्लासवरून घ्यायला आला आणि गंजगोलाईजवळ आम्ही उसाचा रस प्यायलो. मी ठरवलं होतं, सगळं बोलायचं. मला बोलता येतं, मी सरळ उभी राहते, मी डांब नाहीये आता. मी म्हटलं, "मामा, मला कळालंय."

"काय कळालंय? तुला ते त्रिकोणमिती कळू दे आधी."

"मामा, गंमत नको ना. सॉरी. मला न्हवतं माहीत की ते..."

"आलं टाकू का रसात?" रसवाल्यानं विचारलं.

"टाक की," मामा म्हणाला, "माझ्या भाचीला कडक लागतंय सगळं." मग ग्लास हातात घेऊन त्यानं फेसावर फुंकर घातली. "नाटक लई चांगलं केलीस तू. मी काय बोललोच न्हाई त्या दिवशी. लई चांगलं. म्हणून सांगायलो. जरा हसवं कर की त्या पिंकी सराला. पहिलं होतं ना, तसं."

"ते खोटं आहे मामा. तसं कुणी नसतं."

"असतेत बी तसले. त्यांना काय जीव नसतो का?" तो पहिल्यांदाच जरा चिडून बोलला, मग लगेच आवाज खाली आला. "पण लोकांना तेवढेच पायजेत. ते एक ठरवून ठेवलेले असतेत, हात असा, चाल अशी. त्यांना हसून झालं की घरी जातेत लोक. दुसरीकडं बघत न्हाईत." त्यानं रस संपवला. "पिंकी सर हायत तवर बाकीचे सुटतेत, लुंबे."

"बाकीचे कोण?"

"बाकीचे," मामा म्हणाला. "सगळेच." आणि रसवाल्याला ग्लास परत देताना त्याच्याशी बोलायला लागला, ऊस कुठून आणता, निलंग्याकडून का, यंदा गोडी कमी हाय. मी बाजूला उभी होते. माझ्याकडं वाक्यं होती, चांगली वाक्यं, पळून जा, नको म्हण, मी आहे ना. पण पळून माणूस कुठं जातो? पुण्याला? आजीला घेऊन? आणि मी आहे म्हणजे कोण आहे, दहावी ब. मामानं माझी सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली, आणि आम्ही रिक्षा बघायला लागलो.

तालमीत मी मॅडमना म्हटलं, "मॅडम, तोंड धुवायचं काढूया. आधीचं मनगटाचं परत घेऊया. हशा पाहिजे." अंबिका मॅडम चष्मा काढून बघत राहिल्या. मला वाटलं खूश होतील, त्यांचंच जुनं नाटक परत येतंय. त्या म्हणाल्या, "कुणी काही बोललं का तुला?" मी नाही म्हटलं. "अगं, इतकी वर्षं मी हे बसवते. नांदेडला तू तो फोन ठेवलास ना, तेव्हा मला पहिल्यांदा लाज वाटली, आधीच्या सगळ्या पिंकी सरांची." त्या बोलत राहिल्या, आणि मला आतून ओरडावंसं वाटत होतं, की मॅडम, तुम्ही एकट्याच बदललात, एकच माणूस बदललं या सगळ्यातून, आणि तुम्हालाच मी आता खोटं सांगतेय. मी म्हटलं, "मला वाटतं ते रडकं होतं, मॅडम." त्यांनी चष्मा घातला. "ठीक आहे. तुझं पात्र आहे." यापेक्षा त्यांनी एक थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं.

अंतिम फेरीला हॉल गच्च भरला होता. पडद्याच्या फटीतून मी बघितलं, बघायचं नसतं तरी. तिसऱ्या रांगेत आमचे सगळे. आजी, मम्मी, सिंधुमावशी नव्या साडीत, मग मामा, त्याच्या शेजारी उमरीचे व्यंकटीपाहुणे, मुलीचे काका, पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि पलीकडं ती. तिचं नाव कुणी मला सांगितलं नव्हतं, सगळे 'उमरीची मुलगी' म्हणत होते. बदामी साडी, मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. ती इकडं तिकडं बघत होती, सगळं आवडून घ्यायला बसल्यासारखी. तिचा यात काय संबंध होता? तिला कोण सांगणार होतं? तिच्यासाठी पण नळ वाहणार, गरमी आहे म्हणून. मला फार वेळ बघता आलं नाही. हार्मोनियम सुरू झाली.

मी गेले. 'अय्या' म्हटलं. मनगट मोडलं. हॉल फुटला. इतका मोठा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता, तो अंगावर येतो, छातीवर ढकलतो, आणि सगळ्यात वाईट काय तर मला तो आवडला. माझी कंबर आपोआप हलली. मला हे येत होतं, तालीम न करता, कुणी शिकवलं नव्हतं, तरी सगळं माझ्यात तयार होतं, कुठल्या कुठल्या लग्नांतलं, पिच्चरांतलं, रीलमधलं. शिपाई मागं मागं चालायला लागला. उजेडामुळं पुढच्या रांगा दिसत होत्या. आजी तोंडाला पदर लावून हसत होती, मम्मी हसत होती, आणि मम्मीचे खांदे कितीतरी दिवसांनी खाली आले होते. सिंधुमावशीनं मम्मीला टाळी दिली, ती या वेळी लागली. व्यंकटीपाहुण्यांनी मांडीवर थाप मारली, मग मामाच्या पाठीत थाप मारली. मामा पण हसत होता. पण तो आधी बाजूला बघायचा, पाहुणे हसले की मग हसायचा, मावशी हसली की मग, प्रत्येक वेळी सगळ्यांच्या जरासं मागून, आणि मी पुढचं वाक्य घेतलं की त्याचं हसू अर्ध्यात तुटायचं. कुणी बघितलं असतं तर कळलं असतं. मावशी कुठल्याही क्षणी मान वळवू शकली असती.

म्हणून मी पुढच्या वाक्याआधी थांबले. कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून, एक भुवई उचलून, नुसती उभी. शिपाई झालेली पोर गोंधळली, विंगेतून मॅडम शब्द पुरवायला लागल्या. मी घेतले नाहीत. मामाचं हसून होईपर्यंत मी तशीच उभी राहिले.